दोन पाळ्यांमधला रस्ता

दाजी, शेवटच्या वाटेवर तुम्हाला बसवून नेलं. आपल्या लिंगायत लोकांत तसंच नेतात, हे मला ठाऊक होतं. कपाळभर विभूती, अंगावर नवं धोतर, गळ्यात हार. फक्त मान सारखी पुढं येत होती, म्हणून स्वामींनी कपाळावरून पांढरं फडकं घेतलं आणि मागच्या फळीला गाठ मारली. मान सरळ राहिली. माझी अक्का ते टक लावून बघत होती. माझ्याकडं वळून ती हळूच म्हणाली, "असं बांधायचं मला का रं सुचलं न्हाई? निदान जेवताना तरी बांधलं असतं."

बाजूच्या बायकांना वाटलं, बाई भ्रमली. त्यांनी तिला धरलं, पाणी पाजलं. पण ती कशाबद्दल बोलतेय ते मला कळलं. दिवाळीपासून तुमची मान ताटावर पडत होती. हातात भाकरीचा तुकडा, त्याला लावलेली शेंगाची चटणी, आणि डोळे मिटलेले. अक्का हाक मारायची नाही, खांद्याला नुसतं बोट लावायची. तुम्ही दचकायचात आणि आधी समोरच्या भिंतीकडं बघायचात, छातीच्या उंचीवर, जिथं चुन्याशिवाय काही नव्हतं. मग तुकडा तोंडात घालायचात.

त्या भिंतीवर काय बघता, असं मी एकदा विचारलं. तुम्ही हसलात. "पानी बघतो की."

तुमच्या कापड मिलच्या बॉयलरच्या तोंडावर काचेची नळी असते आणि आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं, हे तुम्ही मला फार पूर्वी सांगितलं होतं. ते पाणी खाली गेलं आणि बघणाऱ्याचा डोळा लागला तर बॉयलर फुटतो, आणि मग पलीकडच्या खात्यात मागावर कोण उभं होतं ते ओळखूही येत नाही. तुम्ही हसून सांगितलंत खरं, पण त्या दिवसापासून मला आपल्याच घराची ती भिंत बघवेना.

तुम्ही मुळात असे नव्हतात, दाजी. जेऊरहून पत्र्याची ट्रंक घेऊन मी शिकायला तुमच्याकडं आलो, तेव्हा अख्ख्या चाळीत वेळेवर घरी येणारा माणूस म्हणून तुमचं नाव होतं. पाळी सुटली की तुम्ही गेटाबाहेर. घरी येऊन न्हाणीत अंगावरची कोळशाची काळी धुवायची, पांढरा सदरा चढवायचा, अक्काला सायकलच्या कॅरिअरवर बसवायचं आणि सिद्धेश्वराच्या तळ्यावर जायचं. एकदा साहेबांनी थांबायला सांगितलं तर तुम्ही म्हणाला होतात, "घरी बायको भाकरी घेऊन बसली हाय साहेब. तिला कोन सांगनार, तुमी?" ही गोष्ट बॉयलर खात्यात पुढं कितीतरी दिवस हसत हसत सांगितली जात होती. मॅट्रिकच्या वर्षी मला टायफॉइड झाला, तेव्हा रजा टाकून माझ्या उशाशी बसणारेही तुम्हीच. मी म्हटलं, कामावर जा, साहेब बोलतील. तुम्ही म्हणालात, "काम पोटासाठी हाय. पोटात घालायचं, डोक्यात न्हाई."

मी मास्तर झालो. आज शाळा सुटली की मी सुटतो, घरी येतो, पुस्तक वाचतो, झाडांना पाणी घालतो. ही सवय तुमची. ज्यानं ती लावली त्याच्याच हातून ती सुटत गेली आणि मी रोज संध्याकाळी तुमच्या उंबऱ्यावर बसून ते बघत राहिलो.

सुरुवात नरसय्यांच्या खोकल्यापासून झाली. बॉयलरवर तुम्ही तिघं. तुम्ही, नरसय्या आणि एक म्हातारे चाचा. चाचा रिटायर व्हायला आलेले, त्यांना आपली एक पाळीच जेमतेम झेपायची. नरसय्या तुमच्या बरोबरीचे. दोघं एकाच वर्षी लागलेले. ते घरात तेलुगू बोलायचे, तुम्ही अक्कलकोटकडचे म्हणून कानडी, आणि दोघांच्या मध्ये ते तुमचं वाकडंतिकडं मराठी. दसऱ्याच्या आधी त्यांच्या रुमालावर रक्त दिसलं आणि डॉक्टरांनी त्यांना मिरजेकडच्या क्षयाच्या दवाखान्यात पाठवलं. तीन पाळ्या आणि माणसं दोन. साहेबांनी तुम्हाला बोलावून सांगितलं, "बॉयलरचं सर्टिफिकेट असलेला बदली माणूस मिळत नाही. एक तर मी नरसय्याचं नाव काढतो आणि कायमचा माणूस भरतो, नाहीतर तो येईपर्यंत तू निभाव."

तुम्ही 'निभावतो' म्हणून आलात. अक्कानं विचारलं, "किती दिवस?" तुम्ही म्हणालात, "बरा हुईपातूर."

मग आपल्या घराचा आवाज गेला. तुम्ही दोन पाळ्या सलग करून यायचात आणि पुढच्या दोन पाळ्यांच्या आत जी काय झोप मिळेल ती घ्यायचात. कधी सकाळी, कधी भर दुपारी. अक्का भांडी फडक्यात गुंडाळून उचलायला लागली. भाकरी थापायला ती शेजारच्या घरी जायची, थापल्याचा आवाज नको म्हणून. तुमची गिरिजा खेळायची ती तोंडावर हात ठेवून. एकदा मी आलो तर ती भातुकली मांडून बसली होती. बाहुलीला जेवू घालत होती आणि बाहुलीच्या कानाशी लागून सांगत होती, "हळू चाव. बाबा उठतील." पोर पाच वर्षांची. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

एवढं जपूनही तुम्ही झोपायचात कुठं? डोळे मिटलेले, आणि उजवा हात हवेत उठून काहीतरी फिरवायचा. अक्का तो हात धरून खाली ठेवायची. पुन्हा उठायचा. ती मला म्हणाली, "घरी येत न्हाईत रं ते. अंग तेवढं येतंय."

मिलच्या भिंतीजवळून जाताना मी चालण्याचा वेग वाढवायला लागलो होतो. धुराड्यातून धूर येताना दिसला की जीव भांड्यात पडायचा आणि त्या पाठोपाठ वाटायचं, अजून तरी. चाळीतल्या बाया विहिरीवर अक्काला विचारायच्या, "आज सिद्रामप्पा कुठल्या पाळीला?" चौकशी वाटावी असाच सूर. पण त्यांचे नवरे मागावर होते. तुम्ही सलग दुसऱ्या पाळीला असलात की त्या काही न बोलता घागर उचलायच्या. एकीनं तर नवऱ्याला पोटात दुखतंय म्हणून घरी ठेवून घेतलं होतं. अक्काला हे सगळं समजत होतं. तिनं तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी सांगितलं. मार्गशीर्षात, तुम्ही सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजाच्या सरावाला निघाला होतात तेव्हा. पायात वहाण घालताना तुमचा तोल गेला आणि तुम्ही दाराची चौकट धरलीत. मी म्हटलं, "दाजी, यंदा काठी सोडा."

तुमचा चेहरा असा झाला, जणू मी काहीतरी अभद्र बोललो. वर्षानुवर्षं यात्रेत ठरलेल्या टप्प्याला तुम्ही काठी पेलत आलेले. ती घरांच्या माडीपेक्षा उंच काठी कमरेच्या पट्ट्यात उभी करून, मान वर, नजर शेंड्याला, आणि पाय आपापली वाट शोधत चालतायत. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा.

"काठी सोडू म्हनतोस," तुम्ही म्हणालात, "पाळी सोडा म्हनत न्हाईस."

"पाळीच सोडा म्हणतो. दोन्हीतलं एक तरी सोडा."

"पाळी सोडली तर नरसय्याचं नाव जातंय. काठी सोडली तर माझं. मग ऱ्हातंय काय मास्तर, सांग की."

"तुम्ही राहता."

"मी?" तुम्ही वहाण घातलीत. "शाळेला घंटा हाय बाबा. वाजली की तू सुटलास. बॉयलरला घंटा न्हाई." आणि निघून गेलात. सरावाला.

संक्रांतीच्या दिवशी तुम्ही दोन पाळ्या करून सकाळी थेट बाळीवेशीत आलात. अक्का तुमची बाराबंदी आणि धोतर माझ्या हाती देऊन मला तिथंच थांबायला सांगून गेली होती. कपडे बदलताना मी तुमचे डोळे बघितले. कोळशाची पूड पापण्यांच्या कडांना तशीच होती, आतला पांढरा भाग पार लाल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नव्हता, माड्यांवर बाया, मुलं बापांच्या खांद्यावर. "हर्र बोला हर्र" सुरू झालं आणि तुमच्या टप्प्याला काठी तुमच्या पट्ट्यात आली.

सुरुवातीला सगळं नेहमीसारखं चाललं. मी गर्दीतून बरोबरीनं सरकत होतो. वळणापाशी मी शेंड्याकडं बघितलं. शेंडा डावीकडं झुकत होता. वाऱ्यानं झुकतो तसा नव्हे. सावकाश, एखादा माणूस बसल्या बसल्या कलंडतो तसा. खाली माझी नजर आली तर तुमच्या पापण्या मिटलेल्या. आसपास कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. माणसं हात जोडून वर बघत होती, आणि ती सगळी नेमकी डाव्या अंगाला उभी होती.

मी ओरडायच्या आत तुम्ही डोळे उघडलेत. कसे, देव जाणे. दोन पावलं झटकन डावीकडं टाकलीत, काठी सावरलीत, आणि मग तुम्ही ते केलंत जे आजवर कधी केलं नव्हतं. बाजूच्या गड्याला म्हणालात, "धर." टप्पा अर्धाही झाला नव्हता. त्याला वाटलं चेष्टा आहे. तुम्ही पुन्हा म्हणालात, "धर म्हनतो न्हवं. पडंल."

त्यानं पट्ट्यात काठी घेतली. मिरवणूक पुढं गेली. एक म्हातारी कडाकडा बोटं मोडत म्हणाली, "यंदाचं साल काय बरं दिसत न्हाई." जाणत्यांपैकी कुणी तुम्हाला एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच तुम्हाला लागलं असावं.

त्या संध्याकाळी तुम्ही स्वतःहून म्हणालात, चल तळ्यावर. आपण पायऱ्यांवर बसलो. गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे, शिट्ट्या, गुळाच्या शेवेचा वास, सगळं पलीकडून येत होतं. तुम्ही दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले होते.

"आज काठी हातात हाय हेच मला ठावं न्हवतं," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं मी खात्यात हाय. काचेत पानी बघतोय. पानी हाय, बरं हाय, असं म्हनतोय मनात. आनि डोळं उघडलं तर समोर मान्सं." मग, "मास्तर, तिकडं बी असंच व्हत असंल का रं? मला पानी दिसतंय आनि पानी नसंल तर?"

मी सरकून तुमच्या जवळ बसलो.

मी म्हटलं, उद्याच साहेबांना सांगा. तुम्ही म्हणालात, नरसय्याचा निरोप आलाय, शिवरात्रीच्या सुमाराला सोडतायत, वजन वाढलंय. आता कडेला आलंय तर कशाला तोडायचं. आणि मग माझ्याकडं वळून, रागानं नव्हे, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलंत, "तू माझ्या जागी असतास तर नरसय्याला काय सांगितलं असतंस?"

मी उठून वहाणा पायात घातल्या. तुम्ही गिरिजासाठी एक पिपाणी घेतलीत आणि आपण घरी आलो. पिपाणी अक्कानं फळीवर ठेवून दिली.

त्यानंतर तुम्ही बदललात, हे मला अक्कानं नंतर सांगितलं. कामावर तुम्ही बसायचं सोडून दिलंत. बसलं की डोळा लागतो म्हणून सगळा वेळ उभे. कोळसा आणणाऱ्या पोरांना सांगून ठेवलं होतं की जाता-येता मला हाक मारत जा, आणि मी लगेच 'ओ' दिली नाही तर पाणी मारा. मिलमधली माणसं तुमच्यामुळं वाचली की नाही, मला माहीत नाही. बॉयलर फुटला नाही एवढं खरं. कामावर तुम्ही स्वतःला एक क्षण सैल सोडलं नाहीत. सैल सोडलंत ते बाहेर आल्यावर.

मी वर्गात होतो. फळ्यावर गणित घातलेलं होतं. शिपायामागून चाचा येताना दिसले, टोपी हातात धरून, आणि मी खडू खाली ठेवला. मला वाटलं बॉयलर. मी विचारलंसुद्धा, "किती माणसं?" ते म्हणाले, "अकेलाच, बेटा. रस्ते पे."

लख्ख सकाळ होती. रस्ता सरळ, रुंद, मोकळा. चहाच्या टपरीसमोर सुताच्या गाठी भरलेला ट्रक उभा होता. चालवणारा बाकड्यावर चहा पीत होता. तो बिचारा माझ्यापुढं रडला. "मास्तर, गाडी हुबी व्हती हो. हे सायकलवर सावकास येत व्हते, नीट, आपल्या बाजूनं. मी म्हनलं वळतील. हाक मारली. बशी टाकून पळालो, तवर डोकं गाडीच्या लोखंडी कोपऱ्यावर आदळलं." टपरीवाल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की डोळे मिटलेले होते आणि चेहरा शांत होता, घरी गादीवर असावा तसा. हे मी अक्काला सांगितलं. चूक की बरोबर, कळत नाही. ती म्हणाली, "मग झोपंत गेले म्हन की," आणि पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी मी मिलमध्ये गेलो. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उठून पंखा लावला. म्हणाले, फार वाईट झालं, सिद्रामसारखा माणूस नाही. मी म्हटलं, सोळा सोळा तास उभं राहून तो माणूस बाहेर पडत होता. ते म्हणाले, "खरं आहे. पण मास्तर, हे गेटाबाहेर झालं. पाळी सुटलेली होती. तो त्यांचा स्वतःचा वेळ."

मी उठून आलो. वाटेत त्या टपरीपाशी थांबलो आणि मागं वळून गेट दिसतं का बघितलं. दिसतं. दाजी, दसऱ्यापासून तुमच्या वाट्याला आलेला स्वतःचा वेळ एवढाच. त्या गेटापासून या ट्रकापर्यंत.

आता पुढचं सांगतो, कारण तुम्हाला त्याचीच काळजी असणार.

नरसय्या आले. परवा. दवाखान्यातून निघाले तेव्हा त्यांना काही माहीत नव्हतं. रेल्वेतून उतरून आधी मिलमध्ये हजर झाले, नाव टिकलंय ना बघायला, आणि तिथंच त्यांना कळलं. मग ते आपल्याकडं आले. मफलर गुंडाळलेला, गालफडं बसलेली, पण खोकला नव्हता. उंबऱ्याच्या आत यायला तयार होईनात. तिथंच खाली बसले आणि किती तरी वेळ नुसती जमिनीवर बोटं ओढत राहिले.

अक्कानं पाणी दिलं. विचारलं, "कामावर घेतलं का?"

"घेतलं, वहिनी." मग मान खाली घालून, "साहेब म्हनाले, सिद्रामची जागा खाली हाय. मानूस मिळत नाही. मिळेपर्यंत दोन पाळी तू कर. त्यानं तुज्यासाठी केलं, तू त्याच्यासाठी कर."

गिरिजा दाराआड उभी होती. मी अक्काकडं बघितलं. तिचा चेहरा मला ओळखू येईना.

"तुमी काय म्हनालात?"

"व्हय म्हनालो. आजपासूनच." ते रडायला लागले. "मी कसा नको म्हनू, वहिनी? कुठल्या तोंडानं?"

अक्कानं पदर खोचला. "उठा," ती म्हणाली. "त्याच तोंडानं."

ती पुढं, नरसय्या मागं, त्यांच्या मागं मी. भर दुपारी चाळीतून गेटापर्यंत ती चालत गेली, आणि तिला बघून माणसं दारात येऊन उभी राहिली. गेटावर तिनं आरडाओरडा केला नाही. नरसय्यांना म्हणाली, आत जावा आणि न्हाई म्हनून या, मी हितं हाय. ते गेले. तोवर पाळी बदलायची वेळ झाली. जाणारे थांबले, येणारे थांबले. विहिरीवरच्या त्याच बाया येऊन अक्काच्या मागं उभ्या राहिल्या. शेवटी साहेब स्वतः गेटापर्यंत आले. चांगल्या शब्दांत म्हणाले, "बाई, मला तुमचं दुःख कळतं. पण माणूसच मिळत नाही. मी काय करू?"

अक्का म्हणाली, "मग आग इजवा."

तिच्या आवाजात राग नव्हता. चुलीपाशी बसायला कुणी नसलं तर ती विझवावी, इतक्या साधेपणानं म्हणाली. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग तिच्या मागच्या माणसांकडं बघितलं. कुणी घोषणा दिल्या नाहीत. कुणी हललंही नाही. ते आत गेले. थोड्या वेळानं नरसय्या बाहेर आले आणि म्हणाले, "एकच पाळी सांगितली."

तुमची जागा भरली, दाजी. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत. एक सोडून दोन माणसं आली, दोघांकडंही सर्टिफिकेट. नरसय्या काल संध्याकाळी मला शाळेच्या फाटकाशी भेटायला आले होते, घरी यायचं धाडस झालं नाही म्हणून. त्यांनी सांगितलं, एक जण पंढरपूरकडचा आहे, दुसरा कुर्डुवाडीचा. कुर्डुवाडीवाल्याला त्यांनी सहज विचारलं, इतक्या लवकर कसं कळलं बाबा तुला? तो म्हणाला, कळायचं काय त्यात, मी दसऱ्यापासून या गेटावर येतोय. बदलीला घ्या, नुसतं महिनाभर घ्या, म्हणून. दर वेळी सांगायचे, सध्या गरज नाही, आमच्याकडं माणूस आहे.

अक्काला हे मी अजून सांगितलेलं नाही.